सेफिरॉथला राग नेमका कशाचा? प्लॉट होल आणि खलनायकाचं कारण

लोणखेड्याहून रेकॉर्ड केलेल्या आपल्या ताज्या एपिसोडचं हे वाचायचं रूप. ज्यांचा डेटा संपलाय, ज्यांना एसटीत हेडफोन सापडत नाही, किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं, त्यांच्यासाठी. बोलण्यातले "अं" आणि "म्हणजे काये ना" काढून टाकलेत, बाकी मुद्दे तेच.

आधीच सांगून ठेवतो, पुढे भरपूर स्पॉयलर आहेत. मुख्य गेम आहे फायनल फँटसी सेव्हन. जपानमध्ये ३१ जानेवारी १९९७ ला प्लेस्टेशनवर आलेला हा रोल-प्लेइंग गेम २०१५ मध्ये आयफोनवर आणि २०१६ मध्ये अँड्रॉइडवर आला. म्हणून आपल्यातले बरेच जण तो आई-वडिलांच्या वयाचा असूनही फोनवर खेळतायत. नवीन रीमेकमध्ये कथा बरीच बदललीय. आज फक्त मूळ गेमबद्दल बोलायचंय.

ग्रुपवर भांडण दोन गोष्टींवरून पेटतं. एक, "हा सरळ सरळ प्लॉट होल आहे." दोन, "व्हिलनला काही कारणच नाही, उगाच जग संपवतोय." दोन्ही वाक्यं आपण फार पटकन फेकतो. आधी शब्दांचा अर्थ लावू, मग भांडू.

प्लॉट होल म्हणजे नेमकं काय

कथा स्वतःच एक नियम घालून देते आणि पुढे काही कारण न देता तोच नियम मोडते, तेव्हा तो प्लॉट होल. यातला "स्वतःच" हा शब्द महत्त्वाचा. ड्रॅगन उडतो हा होल नाही, कारण त्या जगात ड्रॅगन उडतातच. पण पहिल्या भागात "ड्रॅगनला पाणी ओलांडता येत नाही" असं सांगितलं आणि शेवटी तो समुद्र ओलांडून आला, तर मात्र विचारायचा हक्क आपल्याला आहे.

आपण ज्याला होल म्हणतो त्यातलं बरंचसं दुसरंच काहीतरी असतं. मी चार ढीग करतो.

पहिला ढीग, न सांगितलेली गोष्ट. कथेने उत्तर दिलेलं नाही, पण उत्तर असू शकतं. दुसरा, पात्राचा मूर्खपणा. माणसं रागात, घाईत, भीतीपोटी चुकीचं वागतात. ते कथेचं नाही, माणसाचं भोक. तिसरा, खेळाचा नियम, म्हणजे जी गोष्ट फक्त गेम खेळता यावा म्हणून आहे. आणि चौथा, मुद्दाम ठेवलेली फट. लेखकाने ती तिथे ठेवलीय आणि पुढे तीच फट उघडून आत नेणार आहे.

या चारही ढिगांत न बसणारं जे उरेल, तो खरा होल.

एरिथला फिनिक्स डाउन का दिलं नाही?

या गेमचा हा सगळ्यात जुना वाद. एरिथ (जुन्या इंग्रजी भाषांतरात एरिस) पहिल्या डिस्कच्या शेवटी मारली जाते. ती प्रार्थना करत असते आणि वरून सेफिरॉथची तलवार येते. त्या वेळी आपल्या बॅगेत फिनिक्स डाउन पडलेलं असतं, लढाईत पडलेल्याला उठवणारं. मग क्लाउड ते वापरत का नाही?

हा तिसरा ढीग, खेळाचा नियम. लढाईत हिट पॉइंट शून्य झाले की पात्र "मेलं" असं आपण म्हणतो, पण कथेच्या हिशेबाने ते बेशुद्ध पडलेलं असतं. कुस्तीत चितपट झालेला पैलवान उठून घरी जातो, तसं. गेम या दोन गोष्टी वेगळ्या ठेवतो आणि अख्ख्या कथेत ते पाळतो. कथेत मेलेलं कुणीही वस्तू वापरून परत येत नाही. नियम मोडला गेलेला नाही, म्हणजे होल नाही.

पण विचारणाऱ्याचं चुकतंय असंही मी म्हणणार नाही. तीस तास त्याच वस्तूने तुम्ही एरिथला उठवलंय. बोटांना सवय लागलीय. त्यामुळे ती जाते तेव्हा आपण आधी बॅगेकडे बघतो आणि मग कळतं की बॅग कामाची नाही. सिनेमात असं होऊच शकत नाही, कारण प्रेक्षकाच्या हातात बॅग नसते.

क्लाउडची आठवण: मुद्दाम ठेवलेली फट

काम नावाच्या गावात क्लाउड सगळ्यांना गोष्ट सांगतो. पाच वर्षांपूर्वी तो सेफिरॉथसोबत निबेलहाइमला, म्हणजे स्वतःच्याच गावी गेला होता, सोल्जर म्हणून. ऐकताना बारीकसारीक गोष्टी जुळत नाहीत. टिफा तिथेच बसलीय, ती त्या वेळी गावात होती, तरी ती गप्प. पहिल्यांदा खेळताना वाटतं, लेखकाने नीट लिहिलेलं नाही.

पुढे कळतं की गावात आलेला तो तरुण सोल्जर झॅक होता. क्लाउड साधा शिपाई होता आणि लाजेपोटी त्याने तोंडही दाखवलं नव्हतं. होजोच्या प्रयोगांनंतर त्याच्या डोक्यात झॅकची आठवण आणि स्वतःची आठवण एकमेकांत मिसळली. टिफा गप्प होती, कारण तिच्या आठवणीत क्लाउड तिथे नव्हताच आणि हे बोलून दाखवायची तिला भीती वाटत होती.

म्हणून कुणी पाचव्या तासाला "होल, होल" ओरडायला लागला तर त्याला सांगायचं: भाऊ, आधी गेम संपव.

तसंच सेफिरॉथचं. तो निबेलहाइमला रिअॅक्टरच्या खोल खड्ड्यात फेकला गेला होता, मग सगळीकडे फिरताना कसा दिसतो? उत्तर येतं, फक्त उशिरा येतं. खरा सेफिरॉथ उत्तरेकडच्या विवरात आहे. आपल्याला भेटतो ते जेनोवाच्या शरीराचं त्याचं रूप घेतलेलं तुकडं.

खलनायकाला तीन प्रश्न

आता दुसरा वाद. कुठल्याही खलनायकाला मी तीन प्रश्न विचारतो. तुला काय हवंय? ते का हवंय? आणि त्यासाठी हाच रस्ता का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक सगळ्यांकडे असतं. दुसऱ्यावर निम्मे अडकतात. तिसऱ्यावर भलेभले पडतात.

आधी शिन्रा कंपनीला विचारू. ही वीज कंपनी. ती जमिनीखालची लाइफस्ट्रीम, म्हणजे पृथ्वीचा जीव, उपसून त्याची माको ऊर्जा बनवते. काय हवंय? पैसा आणि सत्ता. का? ज्याच्या हातात बटण, त्याच्या हातात शहर. हाच रस्ता का?

इथे ग्रुपवर आक्षेप येतो. अॅव्हलांच नावाच्या मूठभर बंडखोरांना मारण्यासाठी शिन्रा सेक्टर सातवरची अख्खी प्लेट खाली पाडते. वरचे लोक मेले, खालच्या झोपडपट्टीतले मेले. स्वतःचंच शहर फोडणारी कंपनी? हा होल नाही का?

गेममधली मीटिंग नीट वाचा. प्रेसिडेंटला सेक्टर सात पुन्हा बांधायचंच नाहीये. एरिथ हातात आलीय, तिच्या मदतीने "प्रॉमिस्ड लँड" सापडेल आणि तिथे नवं शहर उभं राहील, असा त्याचा हिशेब. प्लेट पाडल्याचा आळ अॅव्हलांचवर जातो. आणि त्याच मीटिंगमध्ये माकोचा दर १५ टक्क्यांनी वाढवायचं ठरतं. माणसं मेली त्याच बैठकीत लाइटबिल वाढलं! हा माणूस क्रूर आहे, पण त्याचा हिशेब लागतो. म्हणजे होल नाही.

सेफिरॉथने अर्धीच फाईल वाचली

सेफिरॉथ हा कंपनीचा हिरो. निबेलहाइमच्या रिअॅक्टरमध्ये त्याला टाक्यांत बंद केलेली, माकोने बदललेली माणसं दिसतात. त्याला प्रश्न पडतो, मलाही असंच बनवलं का? लहानपणापासून त्याला सांगितलेलं असतं की तुझ्या आईचं नाव जेनोवा. रिअॅक्टरच्या दारावर तेच नाव. तो शिन्रा मॅन्शनच्या तळघरात जातो आणि दिवसरात्र कागद वाचत बसतो.

कागदांतून त्याला कळतं ते असं: जेनोवा ही सेत्रा, म्हणजे प्राचीन लोकांपैकी. मी तिचा मुलगा. संकट आलं तेव्हा सेत्रा लढले, बाकीची माणसं लपून बसली आणि नंतर पृथ्वी बळकावून बसली. म्हणजे मी खरा वारस आणि हे सगळे चोर. मग तो गाव पेटवतो.

गंमत अशी की कागदच चुकीचे. प्रोफेसर गास्टला सुरुवातीला जेनोवा ही सेत्रा वाटली होती. खरं काय ते आपल्याला आइसिकल इन गावातल्या जुन्या टेपमध्ये कळतं. तिथे इफाल्ना सांगते की जेनोवा हेच ते आकाशातून आलेलं संकट, जिने सेत्रा संपवले. सेफिरॉथची आई ल्युक्रेशिया, बाप होजो. चूक दुरुस्त करणारी टेप एका गावात, आणि चुकीची फाईल वाचणारा दुसऱ्या गावात.

मला हा हेतू जबरदस्त वाटतो, कारण तो आपल्या ओळखीचा आहे. अर्धी माहिती, त्यात आपलेपणाचा धागा, "तुझ्यावर अन्याय झालाय" असा सूर आणि विचारायला शेजारी कुणी नाही. फॉरवर्ड वाचून पेटणाऱ्या माणसाला तलवार दिली की सेफिरॉथ होतो.

पण तिसऱ्या प्रश्नावर तो अडखळतो. हाच रस्ता का? सेत्रा तर पृथ्वीची काळजी घेणारे. त्यांचा वारस म्हणवणारा माणूस मीटिओर पाडून पृथ्वीलाच जखम का करतोय? पुढे तो स्वतः कारण सांगतो: जखम जितकी मोठी तितकी लाइफस्ट्रीम ती भरायला एका जागी गोळा होणार, आणि मी त्या जागेच्या मधोमध उभा राहून देव होणार. हिशेब लागतो, पण हा नवा हेतू आहे. सूड घेणारा मुलगा देव व्हायला निघालेला माणूस कधी झाला, ते वळण मूळ गेम दाखवत नाही. तो खड्ड्यात पडतो आणि पाच वर्षांनी वेगळाच होऊन समोर येतो.

माझा निकाल: हा पहिला ढीग, न सांगितलेली गोष्ट. होल नाही, पण कथेतली कमकुवत जागा नक्कीच. तुम्हाला याहून कडक निकाल द्यायचा असेल तर तिथे मी फार भांडणार नाही.

कारण नसलेला व्हिलनही चालतो का?

चालतो. १९९४ च्या फायनल फँटसी सिक्समधला केफ्का घ्या. जादू अंगात भरण्याच्या प्रयोगात त्याचं डोकं बिघडलं, बस. डोमा किल्ल्याच्या पाण्यात तो विष कालवतो आणि हसतो. "का?" याचं मोठं उत्तर त्याच्याकडे नाही. पण तो पहिल्यापासून शेवटपर्यंत तसाच वागतो. त्याला काही जिंकायचं नाहीये, मोडायचंय. आणि शेवटी तो खरंच जग मोडतो.

म्हणजे खलनायकाचं कारण आपल्याला पटायलाच हवं असं नाही. त्याचं वागणं त्याच्या कारणाशी जुळायला हवं.

कोरेल आणि आपला जिल्हा

आता जरा घराजवळ येऊ. अॅव्हलांचचा म्होरक्या बॅरेट कोळशाच्या खाणींच्या कोरेल गावचा. शिन्रा तिथे माको रिअॅक्टर बांधायला येते. गावात बैठक होते. एकटा डाइन, बॅरेटचा जिवलग दोस्त, विरोध करतो. बॅरेट स्वतः बाजूने बोलतो: कोळशाचे दिवस संपले, बायकोपोरांना किती दिवस असं ठेवायचं? रिअॅक्टर होतो, अपघात होतो, शिन्रा खापर गावावर फोडते आणि गाव जाळते. बॅरेटचा सगळा राग शिन्रावर आहे, पण त्याच्या तळाशी त्याने स्वतः दिलेला होकार आहे.

नंदुरबार जिल्ह्यात बसून हा भाग खेळणं वेगळं असतं. सरदार सरोवराच्या पाण्यात महाराष्ट्रातली जी ३३ गावं बाधित झाली ती आपल्याच अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. तिथली बरीच कुटुंबं तळोदा आणि शहादा तालुक्यांत वसवली गेली. म्हणजे ती लोणखेड्यापासून लांब नाहीत, काही जण आपल्यासोबत कॉलेजात आहेत. त्याच प्रकल्पाच्या विजेत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के. धरण म्हणजे शिन्रा असं मी म्हणत नाहीये, गोष्ट आणि खरं जग यांना असं चिकटवायचं नसतं. पण "वीज सगळ्यांना हवी, गाव कुणाचं गेलं?" हा प्रश्न जपानी लेखकांनी १९९७ मध्ये विचारला आणि तो इथे कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

गेम बॅरेटलाही सोडत नाही. त्याने उडवलेल्या रिअॅक्टरमुळे किती जण मेले याचा जाब केट शिथ त्याला विचारतो. बॅरेटकडे चांगलं उत्तर नसतं. आपल्या बाजूच्या माणसालाही तिसरा प्रश्न विचारायचा असतो: हाच रस्ता का?

पुण्याची राजी आणि महाबलासुर

महाराष्ट्रात बनलेल्या गेमला हेच प्रश्न विचारू. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा "राजी: अॅन एन्शंट एपिक" ऑगस्ट २०२० मध्ये निन्टेन्डो स्विचवर आला, ऑक्टोबरमध्ये बाकीच्या मशिनवर. त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या इंडी गेमसाठी त्याला नामांकन होतं. तो अॅक्शन-अॅडव्हेंचर आहे, पूर्ण रोल-प्लेइंग नाही, पण आपला वाद त्याला लागू होतो.

राजीचा धाकटा भाऊ गोलू असुर पळवून नेतात. देव राजीला शस्त्रं देतात आणि ती महाबलासुराच्या मागावर निघते. काय हवंय त्याला? माणसांचा नाश. का? मागच्या महायुद्धात असुर हरले. पण हरवलं कुणी? देवांनी. मग सूड माणसांवर का?

हा होल म्हणायचा की न सांगितलेली गोष्ट? मी म्हणेन, इथे आधी गोष्ट कोण सांगतंय ते बघा. राजीची कथा आपल्याला दुर्गा आणि विष्णू सांगतात. लढाईची एक बाजूच निवेदक आहे! असुराचं म्हणणं त्यात येणार कसं? पंचनामा एकाच पार्टीने लिहिला तर दुसऱ्याचं कारण "तो मुळातच वाईट" एवढंच उरतं.

हा वाद आपल्याकडे १८७३ पासून आहे

"व्हिलनची बाजू" ही फॅशन इंटरनेटने आणली असं वाटत असेल तर थांबा. महात्मा जोतीराव फुल्यांचं "गुलामगिरी" १८७३ मध्ये आलं. त्याचा घाट बघा: धोंडीबा आणि जोतीराव यांच्यातले प्रश्न-उत्तर. म्हणजे दोघांचा पॉडकास्टच म्हणा ना.

त्यात फुले पुराणकथांना अगदी प्लॉट होलवाले प्रश्न विचारतात. वामनाने एका पावलात सगळी पृथ्वी व्यापली, तर त्या पावलाखाली गावं चिरडली गेली नसतील का? आणि मग पुढचा प्रश्न: ज्याला असुर म्हटलं तो बळी खरा कोण? फुल्यांच्या मांडणीत बळी हा न्यायी राजा, रयतेचा राजा, आणि त्याला पाताळात घालणारी गोष्ट जिंकलेल्यांनी लिहिलेली. ही मांडणी मान्य करायची की नाही यावर दीडशे वर्षं वाद चालूच आहे, श्रद्धेने ती कथा ऐकणारेही आपल्याच घरात आहेत. पण गोष्टीतली विसंगती दाखवायची आणि ती कुणाच्या फायद्याची आहे हे विचारायचं, हे तंत्र त्यांनी मराठीत तेव्हाच वापरलं.

आणि पुस्तक न वाचलेल्या घरातही दिवाळीत ओवाळताना आई म्हणतेच की, इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो. गोष्टीत हरलेल्याचं राज्य परत यावं म्हणून आपण दरवर्षी मागणं मागतो. खलनायकाची बाजू ऐकायची सवय आपल्याला बाहेरून आणावी लागत नाही.

मग भांडायचं कसं?

पुढच्या वेळी ग्रुपवर वाद झाला तर एवढं करा. एक, कथेने घातलेला कुठला नियम मोडला ते एका वाक्यात लिहा. लिहिता आलं नाही तर तो होल नसावा. दोन, चार ढीग तपासा. तीन, खलनायकाला तीन प्रश्न विचारा आणि उत्तरं गेममधून द्या, स्वतःच्या मनातून नाही. चार, गोष्ट कोण सांगतंय ते बघा. आणि पाच, तेच प्रश्न हिरोलाही विचारा.

खलनायकाचं कारण समजलं म्हणजे त्याला माफ केलं असं होत नाही. सेफिरॉथची फाईल चुकीची होती हे कळल्यावरही निबेलहाइम जळलेलंच राहतं. फक्त एवढं कळतं की ते जळण्याआधी कुणीतरी त्या तळघरात जाऊन "अरे, हे कागद बरोबर आहेत का?" असं विचारायला हवं होतं.

तुमच्या आवडत्या गेममधला एक खलनायक निवडा, त्याला तीन प्रश्न विचारा आणि उत्तर व्हॉइस नोटमध्ये पाठवा. दोन मिनिटांच्या आत, प्लीज. अहिराणीत, पावरीत, भिलीत बोललात तरी चालेल. पुढच्या एपिसोडमध्ये लावतो. भेटू!